लेनीची सही

आज जरा लांबचं लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या संगीतवाल्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. कलाकाराने राजकारणावर बोलावं का? एक म्हणाला, गाणाऱ्याने गावं, बाकीच्या उठाठेवी कशाला. दुसरा म्हणाला, न बोलणारा कलाकार म्हणजे भाट. शंभरेक मेसेज झाले असतील. मी एक शब्दही लिहिला नाही. माझ्या गप्प बसण्याला कारण आहे, ते पुढे येईल. पण त्या रात्रीपासून एक माणूस डोक्यात फिरतोय, त्याच्याबद्दल आधी सांगतो. लेनर्ड बर्नस्टाइन. अमेरिकेचा संगीतकार आणि कंडक्टर. (कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीचा आठवतो. हा वेगळा. शंभर वादकांसमोर छोटी काठी घेऊन उभा राहतो, स्वतः एक सूर वाजवत नाही, आणि तरीही मैफल त्याच्याच नावाने ओळखली जाते.)

१९१८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स या गिरण्यांच्या गावात जन्म. आईवडील आजच्या युक्रेनच्या भागातून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील सॅम हेअरड्रेसरांना लागणारा माल विकायचे, धंदा चांगला चालला होता, पोराने तो सांभाळावा एवढीच अपेक्षा. पोरगा दहा वर्षांचा असताना आत्याचा जुना पियानो घरी आला आणि सगळं बिघडलं. वडिलांच्या डोक्यात वादक म्हणजे गावोगाव लग्नात वाजवून चार पैसे मागणारा. शिकवणीचे पैसे द्यायला ते तयार नव्हते. पुढे पोरगा जगप्रसिद्ध झाल्यावर लोक त्यांना टोचायचे, तेव्हा ते म्हणत म्हणे, हा पुढे लेनर्ड बर्नस्टाइन होणार हे मला आधी कसं कळणार? आपल्याकडचे कितीतरी बाप आठवले ना?

हार्वर्डला शिकला, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये. सर्गेई कुसेवित्स्की नावाचा रशियन गुरू भेटला, त्याने मुलासारखा जीव लावला. त्याच गुरूने प्रेमापोटी सुचवलं, या ज्यू नावाने अमेरिकेत तुला कोणी मोठी नोकरी देणार नाही, नाव बदल. याने नकार दिला. वय बाविशीच्या आसपास, खिशात काही नाही. हा नकार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १४ नोव्हेंबर १९४३, रविवार. बर्नस्टाइन २५ वर्षांचा, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा नवा साहाय्यक कंडक्टर. साहाय्यकाने मुख्य माणूस आजारी पडायची वाट बघायची आणि तो कधीच आजारी पडत नाही, असा या नोकरीचा नियम. त्या दिवशी पाहुणे कंडक्टर ब्रुनो वॉल्टर फ्लूने अंथरुणावर पडले. मुख्य संचालक शहराबाहेर, बर्फात. सकाळी फोन आला, दुपारी तीनचा कार्यक्रम तुला करायचाय. तालीम होणार नाही. कार्नेगी हॉल भरलेला आणि सीबीएस रेडिओवरून देशभर थेट प्रक्षेपण. वॉल्टर यांनी ब्लँकेट गुंडाळून तासभर त्याला स्वरलिपीतल्या अडचणीच्या जागा दाखवल्या, तेवढीच तयारी. शुमान, रोझा, रिचर्ड स्ट्राउस, वाग्नर असा कार्यक्रम, त्यातला स्ट्राउसचा 'डॉन किहोते' म्हणजे चांगल्या चांगल्यांचा घाम काढणारा. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती. महायुद्ध ऐन भरात असताना, पहिल्या पानावर.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, पहिली सिम्फनी, एक बॅले आणि ब्रॉडवेवर 'ऑन द टाउन' ही संगीतिका. सगळं एका वर्षात. त्या 'ऑन द टाउन'बद्दल एक सांगायलाच हवं. युद्ध जपानशी चालू. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलेलं. आणि या नाटकात जिच्या मागे नायक शहरभर फिरतो त्या मुलीची भूमिका सोनो ओसातो या नर्तकीला दिली होती, जिचे वडील जपानी होते. त्यांनाही स्थानबद्ध केलं गेलं होतं. समूहनृत्यात गोरे आणि काळे नर्तक एकत्र. नंतर वाद्यवृंदाची काठी एव्हरेट ली या कृष्णवर्णीय कंडक्टरच्या हातात आली. कुठे भाषण नाही, पत्रक नाही. नुसतं करून मोकळे झाले.

पण भाषणं आणि पत्रकंही होतीच. स्पेनच्या निर्वासितांसाठी मदत समिती असो, रशियाशी मैत्रीची संस्था असो, कोणीही पत्रकावर नाव घालू का विचारलं की हा हो म्हणायचा. हान्स आइस्लर या जर्मन संगीतकाराला कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेतून घालवायचं चाललं होतं, तेव्हा त्याच्यासाठीच्या मैफलीमागे जे उभे राहिले त्यात आरन कोपलंड आणि बर्नस्टाइन दोघेही होते. युद्धात रशिया मित्र होता तोवर हे सगळं चालून गेलं. युद्ध संपलं, वारं फिरलं, आणि जुन्या पत्रकांवरची नावं कोणीतरी शांतपणे उतरवून घेत होतं हे तेव्हा कळलं.

एप्रिल १९४९ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने कम्युनिस्टांच्या नादी लागलेले म्हणून ५० जणांचे फोटो छापले. त्यात आइनस्टाइन, आर्थर मिलर, थॉमस मान, चॅप्लिन. आणि बर्नस्टाइन. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. माजी एफबीआय एजंटांच्या एका साप्ताहिकाने काढलेली. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याने कुठे सही केली, कुठल्या सभेला गेला याची यादी. पुस्तिकेने कोणावर खटला भरला नाही, कोणाला तुरुंगात टाकलं नाही. फक्त ती प्रत्येक निर्मात्याच्या टेबलावर पडली आणि फोन वाजायचे थांबले. ज्या सीबीएसवरून हा एका दुपारीत देशाला माहीत झाला, तिथेही दार बंद.

मग १९५३. जानेवारीत आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या कार्यक्रमातून कोपलंडची लिंकनवरची रचना काढून टाकली. लिंकनवरची! मे महिन्यात कोपलंडला मॅकार्थीच्या समितीपुढे उभं केलं. आणि उन्हाळ्यात बर्नस्टाइनच्या पासपोर्टचं नूतनीकरण परराष्ट्र खात्याने अडवलं.

कंडक्टरचा पासपोर्ट अडवणं म्हणजे काय, हे समजून घ्या. त्याची कमाई, त्याचं नाव, युरोपातल्या मैफली, सगळं त्या एका निळ्या-हिरव्या वहीवर. आपल्याकडे मेळ्यातल्या शाहिराला तालुक्याबाहेर पाऊल टाकायची बंदी केली तर काय होईल, तसं. त्याने एक वकील धरला. वकील पूर्वी सरकारच्याच न्याय खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, त्याला आतलं माहीत. ऑगस्ट १९५३ मध्ये एक कित्येक पानी प्रतिज्ञापत्र तयार झालं.

मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी कधीच कम्युनिस्ट नव्हतो, इथपर्यंत ठीक, ते खरंच होतं. पण पुढे एकेक संस्था, एकेक समिती, एकेक पत्रक घेऊन त्याने खुलासे दिलेत. इथे मी न वाचता नाव दिलं. तिथे चांगल्या कामासाठी असेल असं वाटलं. मी कामात होतो, लक्ष नव्हतं. मी देशाशी एकनिष्ठ आहे. म्हणजे ज्या गोष्टी त्याने पंचविशीत मनापासून केल्या, त्या सगळ्या आता भोळेपणा, घाई, दुर्लक्ष. नाव बदलायला नकार देणारा तोच माणूस. सही केली. काही दिवसांत पासपोर्ट हातात.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याने मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात 'मेदेआ' केला. गायिका मारिया कालास. तिथे ऑपेराची काठी हातात घेणारा पहिला अमेरिकन. टाळ्या थांबेनात. सही केली नसती तर ही रात्र झालीच नसती.

आता माझं कारण.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या संगीत मंडळाच्या कार्यकारिणीत मी होतो. गावाचं नाव सांगत नाही. एक तरुण गायक, तिशीच्या आतला, गळा असा की पहिल्या आलापाला माणूस सरसावून बसावा. वार्षिक महोत्सवात त्याचं गाणं ठरलं होतं. त्याने फेसबुकवर त्या भागातल्या एका प्रकरणाबद्दल दोन परिच्छेद लिहिले. सभ्य भाषेत, पण रोखठोक. झालं. देणगीदारांचे फोन. बैठक. ठरलं असं की त्याने लेखी दिलगिरी द्यावी, नाहीतर त्याच्या जागी दुसरा बोलावू. माझं मराठी बरं म्हणून मसुदा करायचं काम माझ्याकडे. 'माझ्या लिखाणाने कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास', हे वाक्य माझं आहे. 'अपुऱ्या माहितीवर आधारित', हेही माझंच. तो घरी आला, चहा घेतला नाही. कागद वाचला आणि म्हणाला, "काका, हे तुम्ही लिहिलंत ना? मग बरोबरच असेल." सही केली. महोत्सवात पूरिया धनाश्री गायला, सव्वा तास. सगळे म्हणाले, बघा, गाण्यावर लक्ष दिलं की कसं होतं. तेव्हापासून त्याच्या फेसबुकवर दसरा-दिवाळीच्या शुभेच्छा असतात.

म्हणून ग्रुपवर मी गप्प होतो.

बर्नस्टाइनकडे परत येतो, कारण सहीनंतरची त्याची वर्षं मला जास्त विचारात पाडतात. १९५४ मध्ये त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट'ला संगीत दिलं. दिग्दर्शक एलिया कझान. कझानने दोन वर्षांपूर्वी संसदेच्या समितीपुढे जुन्या सोबत्यांची नावं सांगितली होती, आणि हा चित्रपट म्हणजे नावं सांगणाऱ्याचं समर्थनच, असं अनेकांनी तेव्हाही म्हटलं. १९५६ मध्ये 'कँडिड' ही संगीतिका केली ती लिलियन हेलमनबरोबर, जिने त्याच समितीला तोंडावर सांगितलं होतं की मी दुसऱ्यांची नावं घेणार नाही. त्यात चौकशीच्या नावाखाली माणसं जाळण्याचा प्रसंग आहे, तो कोणावर बेतला हे सांगायला नको. ७३ प्रयोगांत ती बंद पडली. आणि १९५७ ची 'वेस्ट साइड स्टोरी' घ्या. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स, ज्याने १९५३ मध्ये नावं सांगितली. लेखक आर्थर लॉरेंट्स, जो स्वतः काळ्या यादीचा मार खाल्लेला. आणि संगीत अशा माणसाचं ज्याने नावं सांगितली नाहीत, त्याला समितीपुढे बोलावलंच नाही, पण स्वतःचं आयुष्य मात्र कागदावर खोटं ठरवलं. ही तीन माणसं एका खोलीत बसून न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या दोन टोळ्यांची, पोर्तो रिकोहून आलेल्या पोरांच्या आणि गोऱ्या पोरांच्या वैराची गोष्ट रचत होती. त्या खोलीत काय हवा असेल? तालमीच्या काळात रॉबिन्सला मित्र म्हणायचं की सहकारी? मला वाटतं त्या संगीतात सतत एक ताण आहे, सूर जिथे विसावेल असं वाटतं तिथे तो विसावत नाही, तो आकाशातून आलेला नाही. हे माझं मत, जाणकारांनी रागावू नये.

१९५८ मध्ये तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झाला, अमेरिकेत जन्मलेला पहिला. (याच पदावर १९७८ ते १९९१ आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता होते.) त्याच वर्षी मुलांसाठीचे कार्यक्रम टीव्हीवर सुरू केले, १९७२ पर्यंत ५३ भाग. वाहिनी कुठली? सीबीएस. जिथे दार बंद होतं तिथेच. एका पिढीला संगीत कसं ऐकायचं ते त्याने शिकवलं, तेही पोरांशी पोरांसारखं न बोलता. पुढे केनेडींशी दोस्ती, व्हाइट हाउसची निमंत्रणं, केनेडींच्या खुनानंतर दोन दिवसांनी टीव्हीवर मालरची दुसरी सिम्फनी. १९६५ मध्ये अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला तेव्हा माँटगोमेरीला मुक्कामाच्या रात्री झालेल्या सभेत तोही हजर. माणूस परत बोलायला लागला होता.

त्याची आरती करायची नाहीये. त्याच्याच फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय कायम वादक १९६२ मध्ये आला, सॅनफर्ड ॲलन, व्हायोलिनवाला. १९६९ मध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांनी भेदभावाची तक्रार केली तेव्हाही तो एकटाच होता. मोर्चात जाणं सोपं, स्वतःच्या ऑफिसात भरती बदलणं अवघड. घरातही सगळं सरळ नव्हतं. त्याला पुरुषांचंही आकर्षण होतं, बायको फेलिशियाला ते ठाऊक होतं, आणि १९७६ मध्ये तो काही काळ घर सोडून गेला. परत आला आणि १९७८ मध्ये ती कॅन्सरने गेली. तो अपराध त्याने शेवटपर्यंत मनात ठेवला असं त्याला ओळखणारे लिहितात.

पण फेलिशियाची एक गोष्ट तिच्या नावावरच सांगायला हवी. १४ जानेवारी १९७०. ब्लॅक पँथर या संघटनेचे २१ जण बॉम्बकटाच्या आरोपाखाली पकडलेले, जामीन बहुतेकांना एकेक लाख डॉलर. म्हणजे जामीन नाहीच. त्यांच्या कोर्टखर्चासाठी आणि कुटुंबांसाठी फेलिशियाने पार्क ॲव्हेन्यूवरच्या घरी सभा ठेवली. मुद्दा साधा, खटला चालायच्या आधी माणसं महिनोन्‌महिने आत का? बर्नस्टाइन तालमीहून उशिरा आला आणि चर्चेत पडला. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत खिल्ली. न्यूयॉर्क टाइम्सचा अग्रलेख विरोधात. जूनमध्ये टॉम वुल्फचा लांबलचक लेख आला, श्रीमंतांची फॅशनेबल क्रांती म्हणून, आणि त्याचा 'रॅडिकल चिक' हा शब्द इंग्रजीत कायमचा रुजला. आजही कोणी पैसेवाला गरिबाच्या बाजूने बोलला की तोच शब्द फेकतात. लेख मी वाचलाय. विनोदी आहे, धारदार आहे, आणि त्यात जामीन हा विषय शोधावा लागतो. मे १९७१ मध्ये खटला निकाली लागला. सगळे आरोपी सगळ्या आरोपांतून निर्दोष. त्याला पहिलं पान मिळालं असेल, पण आठवण राहिली ती त्या संध्याकाळच्या खाद्यपदार्थांची.

आणि १९८० मध्ये कागद बाहेर आले तेव्हा कळलं की त्या पाहुण्यांना निनावी पत्रं पाठवायची योजना एफबीआयचीच होती. बर्नस्टाइनवरची एफबीआयची फाइल ८०० पानांच्या वर आहे. त्यात तो कुठल्या सभेला गेला ते आहे, कोणाबरोबर फोटोत होता ते आहे. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचं उद्घाटन त्याच्या 'मास' या रचनेने व्हायचं होतं, तर एफबीआयने व्हाइट हाउसला सावध केलं, लॅटिन मजकुरात युद्धविरोधी संदेश लपवलेला असू शकतो. निक्सन पहिल्या रात्री आलेच नाहीत. लॅटिनला घाबरलेलं सरकार!

कलाकाराने राजकारणापासून दूर राहावं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, ही ८०० पानं कोणी लिहिली? तो राजकारणाकडे गेला असेल, पण राजकारण तर आधीच त्याच्या दाराशी वही-पेन घेऊन बसलं होतं.

जानेवारी १९७३. निक्सन यांचा दुसरा शपथविधी. अधिकृत कार्यक्रमात तोफांच्या आवाजाची चायकोव्स्कीची '१८१२'. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला कॅथीड्रलमध्ये बर्नस्टाइन हायडनची 'युद्धकाळातली प्रार्थना' करत होता, व्हिएतनाम थांबवा म्हणून. आत जागा संपली तेव्हा हजारो लोक बाहेर पावसात उभं राहून ऐकत होते.

नोव्हेंबर १९८९. अध्यक्ष बुश यांच्या हस्ते राष्ट्रीय कला पदक जाहीर झालं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या एड्सवरच्या एका चित्रप्रदर्शनाचं १० हजार डॉलरचं सरकारी अनुदान, त्यातला मजकूर राजकीय आहे म्हणून, काढून घेतलं होतं. दहा हजार डॉलर म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. त्याने पदक नाकारलं. ७१ वर्षांचा होता, पासपोर्ट आता कोणी अडवू शकत नव्हतं, हेही खरं. पण न अडवता येणारे कितीजण नाकारतात?

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, भिंत पडून दीड महिना झालेला, पूर्व बर्लिनमध्ये बेथोवनची नववी. वादक दोन्ही जर्मनींतले, शिवाय लेनिनग्राड, लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कचे, म्हणजे ज्यांनी हे शहर चार तुकड्यांत वाटून घेतलं होतं त्या सगळ्यांचे. शेवटच्या समूहगानात 'आनंद' या जर्मन शब्दाच्या जागी त्याने 'स्वातंत्र्य' हा शब्द गायला लावला. नाराज झालेले पंडित होतेच. दहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९९० ला, तो न्यूयॉर्कच्या आपल्या घरी गेला.

बर्लिनचा कार्यक्रम यूट्यूबवर आहे, बघा. दमलेला, सुजलेला, घामाने भिजलेला म्हातारा दिसतो. मी तो बघतो तेव्हा मला १९५३ चा ३५ वर्षांचा देखणा माणूस दिसतो, वकिलाच्या टेबलाशी, हातात पेन.

परवा त्या गायकाला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तो कागद मी लिहायला नको होता. पलीकडे जरा वेळ शांत. मग म्हणाला, "सही तर मी केली होती ना काका." मी विचारलं, यावर एक पोस्ट लिहितोय, तुझी गोष्ट त्यात आली तर चालेल का?

म्हणाला, "लिहा की. फक्त माझं नाव नको."